आधी हात, मग डोळा



रॅपिड टेस्टच्या पट्टीत सोन्याच्या कणांऐवजी लोहाचे चुंबकीय कण घातले आणि ती पट्टी डोळ्यांऐवजी सेन्सरने वाचली, तर रोगनिदान कितपत सुधारेल? आजच्या व्याख्यानाचा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना बहुतेक वेळा सेन्सरचेच गुणगान होते. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. चुंबकीय कण दोन कामे करू शकतो. रक्त, लघवी किंवा बेडका यांतून हवा तो पदार्थ वेचून तो एका जागी आणतो. हे हाताचे काम. आणि आपण कुठे, किती संख्येने आहोत हे तो सेन्सरला कळू देतो. हे डोळ्याचे काम. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आज या दोहोंपैकी हाताची गरज अधिक आहे आणि डोळ्यावरचा खर्च काही निवडक आजारांपुरताच करावा, असे माझे मत आहे. ते कशाच्या आधारावर बनले ते सांगतो, आणि त्यावर घेतले जाणारे आक्षेपही तपासतो.

सुरुवात पट्टीपासून करू. गर्भधारणेची घरगुती चाचणी बहुतेकांनी पाहिलेली असते. लघवीचे दोन-चार थेंब पट्टीच्या टोकाला पडले की टीपकागदावर शाई पसरावी तसे ते पुढे सरकतात. वाटेत सोन्याचे कण वाळवून ठेवलेले असतात, प्रत्येकी साधारण ४० नॅनोमीटरचे, अंगावर प्रतिपिंडे चिकटवलेले. इतके बारीक सोने पिवळे दिसत नाही, तांबडे दिसते. हे कण लघवीतल्या एचसीजी संप्रेरकाला धरतात आणि नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावर आखलेल्या रेघेपाशी येतात. तिथे बसवलेली दुसरी प्रतिपिंडे एचसीजीला दुसऱ्या बाजूने पकडतात. कण साचत जातात आणि तांबडी रेघ उमटते. १९८०च्या दशकात बाजारात आलेली ही रचना इतकी सुटसुटीत आहे की तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, शिकलेला तंत्रज्ञही लागत नाही. पण तिच्या यशात एचसीजीचा वाटा फार मोठा आहे, हे आपण विसरतो. दर मिलिलिटरला २५ मिलि-युनिट एवढ्या पातळीला पट्टी बोलू लागते आणि गर्भ राहिल्यावर काही आठवड्यांतच ती पातळी हजारोंच्या घरात जाते. म्हणजे शोधायची वस्तू मुबलक आहे आणि रोज वाढते आहे. आज नाही दिसली तर चार दिवसांनी दिसेल. हाच प्लास्टिकचा साचा आपण पुढे मलेरिया, डेंगी, क्षय, कोविड अशा आजारांसाठी वापरला. तिथे शोधायची वस्तू कधी मुबलक असते, कधी अगदी तुटपुंजी, आणि रोग्याला चार दिवस थांबायला सांगता येईलच असे नसते.

तुटपुंजी असेल तर रेघ फिकट उमटते. ‘आहे की नाही’ यावर दोन माणसांचे दोन निष्कर्ष निघतात. चुंबकीय सेन्सरची बाजू इथे खरोखर भक्कम आहे, आणि ती पुरती मांडल्याशिवाय पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. नायट्रोसेल्युलोजचा पडदा दुधासारखा अपारदर्शक असतो. त्याची जाडी सुमारे शंभर-सव्वाशे मायक्रोमीटर. पण डोळ्याला किंवा कॅमेऱ्याला जे दिसते ते वरच्या दहाएक मायक्रोमीटरच्या थरातले. खाली अडकलेले बहुतेक कण वाया जातात. चुंबकीय क्षेत्राला पडदा आडवा येत नाही, त्यामुळे सेन्सर पूर्ण जाडीतले कण मोजू शकतो. दुसरी गोष्ट, रक्त लाल असते, लघवी पिवळी, बेडका गढूळ. रंगावर चालणाऱ्या चाचणीला हे सगळे अडथळे आहेत. चुंबकाच्या दृष्टीने मात्र हे द्रव जवळजवळ कोरे असतात. ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन पराचुंबकीय असते, हे पॉलिंग आणि कोर्येल यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. पण तो गुण इतका क्षीण आहे की लोह-ऑक्साइडच्या कणापुढे तो हिशेबात धरावा लागत नाही. शिवाय सेन्सर आकडा देतो. आणि कणांचे चुंबकत्व रंगासारखे उडत नाही, म्हणून पट्टी जपून ठेवून पुन्हा मोजता येते.

सेन्सरचा इतिहासही मोठा आहे. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्र्यूनबर्ग यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ‘जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स’ नावाचा परिणाम शोधला. अतिशय पातळ चुंबकीय थरांचा विद्युतरोध बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने लक्षणीय बदलतो, असा तो परिणाम. त्यावर संगणकाच्या हार्ड डिस्क वाचणारी टोके बनली आणि दोघांना २००७चे नोबेल मिळाले. हार्ड डिस्कवरचा चुंबकीय ठिपका वाचता येतो, तर प्रतिपिंडाला चिकटलेला चुंबकीय कण का वाचता येऊ नये? अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने १९९८ मध्ये असे कण मोजणारी चिप मांडली, तर स्टॅनफर्डच्या गटाने २००९ मध्ये रक्त, लघवी, लाळ असे माध्यम बदलले तरी न बिथरणारी प्रथिनचाचणी दाखवली. हे काम उत्तम होते. तरीही आज गावोगाव वापरली जाणारी पट्टी सोन्याचीच आहे. याला केवळ किंमत कारणीभूत नाही. लहान कणाचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र एक अष्टमांश उरते. चिपच्या पृष्ठभागाला टेकलेला कण तिला स्पष्ट कळतो. पडद्याच्या आत, दहापट-वीसपट अंतरावर अडकलेला कण जवळजवळ कळतच नाही. म्हणजे चिपचा पुरता फायदा हवा तर पट्टी सोडून देऊन बारीक नळ्यांची निराळी पेटी बनवावी लागते. पट्टी ठेवायची तर चिपऐवजी कॉइलचा, कमी तीक्ष्ण रीडर वापरावा लागतो. शिवाय सोन्यापेक्षा मोठे आणि जड असे हे कण पडद्याच्या छिद्रांतून रेंगाळत जातात आणि एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात.

पण या सगळ्यापेक्षा मूलभूत अडचण वेगळी आहे, आणि ती साध्या अंकगणिताने कळते. रक्तात एखादा जीवाणू दर मिलिलिटरला एक या प्रमाणात आहे असे धरा. मोठ्या माणसाच्या रक्तातील जंतुसंसर्गात इतके विरळ प्रमाण ही काही अपूर्वाई नव्हे. पट्टीवर आपण ५० मायक्रोलिटरचा थेंब टाकतो, म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग. अशा वीस थेंबांपैकी सरासरी एका थेंबात जीवाणू सापडणार, उरलेले एकोणीस रिकामे. रिकाम्या थेंबापुढे जगातला सर्वोत्तम सेन्सर ठेवला तरी तो ‘नाही’ असेच सांगेल, आणि थेंबापुरते ते खरेही असेल. रोग्याच्या बाबतीत मात्र ते साफ खोटे असेल. प्रथिनांच्या बाबतीत परिस्थिती एवढी टोकाची नसते. ५० हजार डाल्टन वजनाचे प्रथिन मिलिलिटरला एक पिकोग्रॅम असेल, तर त्या मिलिलिटरमध्ये सुमारे १ कोटी २० लाख रेणू असतात आणि आपल्या थेंबात ६ लाख. आकडा मोठा वाटतो, पण त्यांतले किती रेघेवर अडकतात? रेघ जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते आणि वाहता द्रव ती काही सेकंदांत ओलांडतो. तेवढ्या वेळात रेणूने नेमक्या प्रतिपिंडाला भिडायचे असते. बहुतेक रेणू न भेटताच पुढच्या टीपकागदात जाऊन पडतात.

हाताचे काम इथे सुरू होते. एक मायक्रोमीटर व्यासाचे चुंबकीय कण मिलिलिटरमध्ये एक कोटी सोडले, तर शेजारच्या दोन कणांतले अंतर सुमारे ४५ मायक्रोमीटर, म्हणजे साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीएवढे किंवा त्याहून कमी भरते. रेणूला रेघेपर्यंत प्रवास करावा लागत नाही. कणच त्याच्या दाराशी आलेले असतात. पाच-दहा मिनिटे नळी हलवत राहिले की बहुतेक रेणू कुठल्या ना कुठल्या कणाला लागतात. मग नळीच्या बाहेरून चुंबक टेकवायचा. तपकिरी गढूळपणा एका बाजूला ओढला जातो, द्रव स्वच्छ होतो, तो ओतून टाकायचा, धुवायचे, आणि उरलेला ऐवज एका थेंबात घ्यायचा. यासाठी कण विशिष्ट जातीचा लागतो. त्याच्या आत दहाएक नॅनोमीटरचे लोह-ऑक्साइडचे दाणे असतात. एवढ्या लहान दाण्याला स्वतःचे कायमचे चुंबकत्व टिकवता येत नाही: चुंबक जवळ आणला की तो ओढला जातो, दूर नेला की सगळे विसरतो. याला सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात. हे विसरणे नसते, तर चुंबक काढल्यावरही कण एकमेकांना धरून बसले असते आणि पुन्हा द्रवात पसरले नसते.

या हाताची कारकीर्द पाहण्यासारखी आहे. नॉर्वेतील ट्रॉनहेम इथल्या योन उगेलस्टाड यांनी १९७६च्या सुमारास एकसारख्या आकाराचे पॉलिस्टायरिनचे गोळे बनवण्याची पद्धत बसवली. पुढे त्यांच्या छिद्रांत लोह-ऑक्साइड भरले गेले. १९८४ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी चुंबकीय कणांना प्रतिपिंडे लावून, न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगातील पेशी अस्थिमज्जेतून वेचून काढल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा हात प्रयोगशाळेत घरचाच झाला. थायरॉइडच्या टीएसएचचा रिपोर्ट आपण शहरातल्या मोठ्या लॅबमधून आणतो, तो काढणाऱ्या अनेक स्वयंचलित यंत्रांत रक्तातला टीएसएच चुंबकीय कणांवरच पकडला जातो. वाचन मात्र प्रकाशाने होते. कोविडच्या काळात नाकातल्या स्वॅबमधून विषाणूचा आरएनए वेगळा करण्यासाठी असंख्य प्रयोगशाळा सिलिकाचे आवरण असलेले चुंबकीय कण वापरत होत्या, आणि २०२० मध्ये आरएनए वेगळा करण्याच्या किटचा तुटवडा पडताच जगभर चाचण्या अडल्या. वाचणारी यंत्रे उभी होती; त्यांच्यापुढे ठेवायला नमुना तयार नव्हता. फिलिप्सने मॅग्नोटेक नावाची पद्धत विकसित केली, तिच्यातही चुंबक कणांना पृष्ठभागाकडे ओढतो आणि सैल कण दूर सारतो, पण मोजणी प्रकाशानेच होते. म्हणजे एकाच कणाच्या दोन गुणांपैकी एक गुण प्रयोगशाळांत पोचला आणि दुसरा बव्हंशी शोधनिबंधांत राहिला. मला हा योगायोग वाटत नाही.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेली टीटू-कँडिडा ही चाचणी रक्तातली बुरशी चुंबकीय वाचनाने ओळखते. कणांचे पुंजके झाले की आजूबाजूच्या पाण्याचा चुंबकीय अनुनाद बदलतो आणि तो बदल मोजला जातो. मिलिलिटरला एक ते तीन पेशी एवढ्या कमी प्रमाणातही ती काम करते. डोळा जिंकला, असे कोणी म्हणेल. पण ही चाचणी थेंबभर नव्हे, काही मिलिलिटर रक्त घेते आणि वाचनाआधी त्यातल्या बुरशीच्या डीएनएच्या असंख्य प्रती काढते. आधी जमवाजमव, मग वाचन. डीएनएच्या प्रती काढून क्षय ओळखणाऱ्या, आपल्या परिचयाच्या सीबीनॅटचेही तसेच आहे. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला मिलिलिटर बेडक्यात ते पाच ते दहा हजार असावे लागतात. सीबीनॅटला सुमारे १३० पुरतात आणि तिच्या नंतरच्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीला सुमारे १६. हे श्रेय आपण डीएनएच्या प्रतींना देतो, ते योग्यच. पण त्या कार्ट्रिजमध्ये बेडक्यातले जंतू आधी एका गाळणीवर अडवून धुतले जातात, हे फारसे कोणी सांगत नाही.

आता पहिला आक्षेप. सीबीनॅट आहे, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायोने बनवलेले, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट आहे, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारसही केली. मग पट्टीसाठी एवढा खटाटोप कशाला? उत्तर असे की डीएनएच्या प्रती काढता येतात, प्रथिनाच्या किंवा शर्करेच्या काढता येत नाहीत. डेंगीचे एनएस-१, हृदयविकारातले ट्रोपोनिन, क्षयजंतूच्या भिंतीतले लॅम हे रेणू जितके आहेत तितकेच असतात. त्यांच्यासाठी विखुरलेले एकत्र आणणे हाच हुकमी मार्ग उरतो. लॅमचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. एचआयव्हीबाधित, गंभीर आजारी रुग्णांसाठी लघवीतले लॅम शोधणारी पट्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केली. जो रुग्ण खोकू शकत नाही, बेडका देऊ शकत नाही, त्याच्यासाठी ती मोलाची आहे. पण क्षयाची लक्षणे असलेल्या एचआयव्हीबाधितांमध्ये ती क्षयाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण ४२ जणांनाच ओळखते. एचआयव्ही नसलेल्यांत तर लॅम इतके कमी असते की ही पट्टी कामाची राहत नाही. आता नमुन्याकडे बघा. रुग्ण सहज ३० मिलिलिटर लघवी देतो आणि आपण पट्टीवर टाकतो ६० मायक्रोलिटर. पाचशे भागांतला एक भाग तपासायचा आणि उरलेले चारशे नव्व्याण्णव भाग बेसिनमध्ये ओतायचे. त्या ओतून दिलेल्या लघवीत निदान होते. चुंबकीय कणांनी मोठ्या नमुन्यातून लॅम गोळा करून मग पट्टीवर आणण्याचे प्रयत्न संशोधनात चालू आहेत, आणि माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत आशादायी रस्ता तोच आहे.

दुसरा आक्षेप रॅपिड टेस्टच्या मूळ तत्त्वालाच हात घालतो. अशी चाचणी स्वस्त, अचूक, वापरायला सोपी, जलद आणि यंत्राविना चालणारी असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेची कसोटी गेली वीस वर्षे प्रमाण मानली जाते. चुंबक आणला की ती मोडत नाही का? सेन्सरच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा खरा आहे. रीडरला बॅटरी लागते, त्याचे प्रमाणीकरण लागते, तो बिघडला की दुरुस्तीला तालुक्याला न्यावा लागतो. हाताला मात्र यातले काही लागत नाही. लागतो तो कायमचुंबकाचा एक तुकडा. त्याला वीज नको, तो पावसाळ्यात बंद पडत नाही, आणि वर्षानुवर्षे टिकतो. खरी अडचण दुसरीच आहे: पायऱ्या वाढतात. नळी हलवा, थांबा, चुंबक लावा, ओता, धुवा, पुन्हा घ्या. दिवसाला पन्नास नमुने हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला हे भार वाटेल, आणि धुण्यात कसूर झाली तर निकाल चुकेल. म्हणून अभियंत्यांची बुद्धी इथे खर्ची पडायला हवी. द्रव न हलवता कणच एका कप्प्यातून दुसऱ्यात ओढून नेणारी नळी बनवता येते. मोठ्या प्रयोगशाळांतली यंत्रे हेच करतात. ते काम प्लास्टिकच्या साध्या नळीत आणि बोटांनी सरकवायच्या चुंबकात उतरवणे हे आणखी एक तीक्ष्ण सेन्सर बनवण्याइतके दिमाखदार नाही. उपयोग मात्र त्याचा अधिक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हवे ते गोळा करताना नको तेही गोळा होते. शंभरपट सांद्र केलेल्या नमुन्यात चिकट प्रथिनेही शंभरपट, आणि खोटा ‘पॉझिटिव्ह’ येण्याची भीतीही वाढलेली. ज्या गावात हजारात दहा जणांना आजार आहे, तिथे ९८ टक्के विशिष्टतेची चाचणी उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी सुमारे वीस जणांना आजारी ठरवते. दहाही रुग्ण सापडले तरी ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या तिसांपैकी वीस निरोगीच निघतात. या चुकीची किंमत आपण मोजलेली आहे. क्षयाचे निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवरून करणाऱ्या चाचण्या देशात वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नका असे सांगितले आणि २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी आणली. या अनुभवाचा अर्थ मी असा लावतो: चाचणीचा आत्मा तिच्या प्रतिपिंडात आणि नेमक्या निवडलेल्या खुणेत असतो, खूण चुकली तर चुंबक ती चूक फक्त मोठी करतो. म्हणून गोळा करणाऱ्या प्रत्येक चाचणीची पारख निरोगी माणसांच्या मोठ्या गटावर, आपल्याच हवामानात, आपल्याच आजारांच्या गर्दीत व्हायला हवी. केवळ ‘किती कमी प्रमाण ओळखते’ हा आकडा अशा वेळी दिशाभूल करतो. पण या आक्षेपामुळे हात निकामी ठरत नाही. धुण्याची सोय कणामुळेच मिळते. पट्टीवर सरळ टाकलेल्या थेंबाला ती कधीच मिळत नाही.

मग डोळ्याला स्थान कुठे? जिथे ‘आहे की नाही’ हे उत्तर अपुरे असते तिथे. छातीत दुखणाऱ्या माणसाचे ट्रोपोनिन एकदा बघून भागत नाही; काही तासांच्या अंतराने दोनदा मोजून ते चढते आहे का हे ठरवावे लागते. फिकट रेघ आणि थोडी कमी फिकट रेघ यांच्यातला फरक सांगणे माणसाच्या डोळ्यांना जमणारे नाही. ग्रामीण रुग्णालयात अशा वेळी आकडा देणारा रीडर रुग्णाला जिल्ह्याला हलवायचे की नाही हे ठरवू शकतो, आणि तिथे त्याचा खर्च सार्थ आहे. मलेरियाचे प्रकरण आणखी निराळे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आशा कार्यकर्ती जी पट्टी वापरते, ती परजीवीचे एचआरपी-२ हे प्रथिन शोधते. रुग्ण बरा झाल्यावरही ते काही आठवडे रक्तात राहू शकते, आणि काही परजीवींमध्ये त्याचे जनुकच नसते. पहिल्या बाबतीत पट्टी जुनाच आजार दाखवते, दुसऱ्या बाबतीत आजार असून दाखवत नाही. सेन्सर बदलून यातले काहीच सुधारत नाही, खूणच बदलावी लागते. योगायोग असा की मलेरियाचा परजीवी हिमोग्लोबिन खाऊन जे रंगद्रव्य मागे ठेवतो, ते हीमोझोइन, स्वतःच पराचुंबकीय असते. त्याच्या आधारे चुंबकाने रोगग्रस्त तांबड्या पेशी वेगळ्या करता येतात, हे १९८१ मध्येच दाखवले गेले. रोगाने स्वतःच चुंबकीय खूण पुरवल्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये अत्यावश्यक निदानचाचण्यांची राष्ट्रीय यादी काढली, आणि कोणत्या पातळीच्या केंद्रावर कोणती चाचणी असावी हे तिच्यात सांगितले. ते पाऊल मोठे होते. आता किट विकत घेणाऱ्या आरोग्य खात्यांना माझी एक विनंती आहे. चाचणी किती मिनिटांत होते, किती रुपयांत होते, तिची संवेदनक्षमता आणि विशिष्टता किती, हे आपण विचारता. त्याबरोबर दोन प्रश्न आणखी विचारा: रुग्णाने दिलेल्या नमुन्यातला किती भाग ही चाचणी प्रत्यक्ष तपासते, आणि उरलेल्याचे ती काय करते? पुढच्या निविदेत एवढा एक रकाना वाढवा.